नदीकाठी जाऊया, पण नीट माहिती घेऊन : आपल्या मंडळाला एक खुलं पत्र

आपल्या मराठी मंडळाच्या सहल कमिटीला आणि ग्रुपवरच्या सगळ्या दादा, ताई, वहिनी, काका, काकू मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

परवा रात्री ग्रुपवर अर्जाचा मसुदा आला तो मी दोनदा वाचला. सेंट लुईसच्या आसपास नदीकाठी ज्या कॉन्झर्व्हेशन एरिया, म्हणजे वन्यजीवांसाठी राखलेल्या आणि सगळ्यांना खुल्या सरकारी जमिनी, आहेत तिथं शिकार बंद करावी, पूर्ण नाही जमलं तर निदान वीकेंडला तरी बंद करावी, म्हणजे बायकामुलांना घेऊन निवांत फिरता येईल, असं मिसुरीच्या कॉन्झर्व्हेशन खात्याला कळवायचं आणि खाली आपल्या सगळ्यांची नावं. आत्तापर्यंत साठएक नावं आलीत. माझं नाव त्यात नाही आणि मी ते घालणार नाही, आणि का नाही हे ग्रुपवर चार ओळीत टाकलं तर उगाच भांडण होईल म्हणून हे पत्र लिहितोय. कुणावर राग नाही. नोव्हेंबरच्या त्या सकाळी मीही तुमच्यासोबत होतो, माझी धाकटी लेकही होती, आणि बंदुकीचा पहिला बार ऐकल्यावर माझ्याही पोटात गोळा आला होता.

पण त्या सकाळी नक्की काय झालं ते आधी सरळ सांगूया, कारण ग्रुपवर जे फिरतंय त्यात अर्धीच गोष्ट आहे. आपण चौदा घरं, दिवाळीनंतरची सहल, फराळाचे डबे, स्पीकर, क्रिकेटचं सामान, सगळं घेऊन नदीकाठच्या एका एरियात सकाळी साडेसातला पोचलो. पार्किंगमध्ये पिकअप ट्रकांची रांग होती, तरी आपल्याला वाटलं बरीच गर्दी आहे म्हणजे जागा चांगली असणार. बोर्ड होता, नकाशा होता, नियमांचं माहितीपत्रक पेटीत ठेवलेलं होतं, एकानंही ते उचललं नाही, मीसुद्धा नाही. मुलं पळत झाडीत घुसली. कुणाच्या अंगात तपकिरी जॅकेट, कुणाच्या डोक्यावर पांढरी लोकरीची टोपी. तो शनिवार म्हणजे मिसुरीत बंदुकीनं हरणाच्या शिकारीचा मुख्य सीझन सुरू होण्याचा पहिला दिवस होता, इथल्या कितीतरी घरांत वर्षभर ज्याची वाट बघतात तो दिवस. आणि इथलं हरीण, व्हाइटटेल, पळताना शेपूट वर करतं तेव्हा झाडीत दिसतो तो फक्त एक पांढरा ठिपका. आपण आपल्या लेकरांना नेमक्या तपकिरी आणि पांढऱ्या रंगात तिथं सोडलं होतं.

मग ते आजोबा आले, सत्तरीचे तरी असतील, अंगात केशरी जॅकेट, बंदूक रिकामी करून नळी खाली केलेली. ग्रुपवर लिहिलंय की "एका शिकाऱ्यानं मुलांना घाबरवलं". असं झालेलं नाही. मी तिथं दहा फुटांवर होतो. ते पहाटेपासून झाडावरच्या मचाणावर बसलेले, आपल्या आवाजानं त्यांची सकाळ वाया गेली होती, वर्षातली सगळ्यात महत्त्वाची सकाळ, आणि तरी त्या माणसानं आवाज चढवला नाही. स्वतःच्या डोक्यावरची केशरी टोपी काढून माझ्या लेकीच्या डोक्यात घातली, ती तिच्या डोळ्यांवर आली, आणि मला म्हणाले की मुलांना आता या बाजूनं परत न्या, मी तुमच्यासोबत रस्त्यापर्यंत येतो. बिनटोपीचे ते पुढं चालत होते आणि आम्ही मागं. ती टोपी अजून आमच्या घरी आहे. परत द्यायला नाव पत्ता काही विचारायचं सुचलं नाही त्या गडबडीत, याची रुखरुख मला आजपर्यंत आहे.

तर अर्ज आपण त्यांच्याविरुद्ध लिहितोय.

आता मूळ मुद्दा. या जमिनी आहेत कुणाच्या आणि चालतात कशावर. आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की ही पार्कं आहेत आणि सरकारनं त्यात शिकाऱ्यांना घुसू दिलंय. वाटणारच, कारण आपण ज्या देशात वाढलो तिथं १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार म्हणजे गुन्हा, आणि त्याच्या आधीची शिकार म्हणजे संस्थानिकांच्या वाड्यात भिंतीवर टांगलेली मुंडकी. चित्ता आपण घालवून बसलो. त्यामुळं शिकारी म्हणलं की आपल्या डोळ्यापुढं संपवणारा माणूस येतो आणि तिकडच्या इतिहासात ते खोटंही नाही.

इथंही संपवलं होतंच. १९२५ साली अख्ख्या मिसुरी राज्यात हरणं शिल्लक किती होती, तर खात्याच्या अंदाजाप्रमाणं ३९५. आज आपण ज्यांना हायवेवर धडकतो, ज्यांनी वहिनींची मिरचीची रोपं दोनदा खाल्ली, ती हरणं शंभर वर्षांपूर्वी संपूर्ण राज्यात चारशेसुद्धा नव्हती. बाजारासाठी बेसुमार मारली, जंगलं तोडली. आणि मग जे झालं ते मला फार मोठं वाटतं, की थांबा म्हणणाऱ्यांत पुढं शिकारी आणि गळ टाकणारेच होते. त्यांनी सह्या गोळा केल्या, मिसुरी राज्याच्या स्वतःच्या घटनेत दुरुस्ती मागितली, १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये लोकांनी ती मतदानानं मंजूर केली आणि शिकार-मासेमारीचा कारभार राजकारण्यांच्या हातातून काढून एका वेगळ्या कमिशनकडं दिला. हरणाची शिकार काही वर्षं पूर्ण बंद ठेवली, जिथं हरणं उरली होती तिथून पकडून दुसरीकडं सोडली, आणि १९४४ मध्ये मोजक्याच काउंटींत (जिल्ह्यांत), फक्त नर, असं करत परत उघडली. आज राज्यात हरणं दहा लाखांच्या वर आहेत.

पैसा कुठून आला हे तर आपल्यासारख्या हिशेबी लोकांनी बघायलाच पाहिजे. अमेरिकेत बंदुका आणि काडतुसांवर १० ते ११ टक्के केंद्राचा कर आहे आणि १९३७ च्या कायद्यामुळं तो पैसा राज्यांना मुख्यतः वन्यजीवांसाठी मिळतो. १९५० पासून तसाच कर मासेमारीच्या सामानावर. बदकं मारायची तर दरवर्षी डक स्टॅम्प, म्हणजे केंद्र सरकारचं एक तिकीट, घ्यावा लागतो, १९३४ साली तो सुरू झाला, आज २५ डॉलरला आहे आणि त्यातल्या प्रत्येक डॉलरचे ९८ सेंट पाणथळ जागा विकत घ्यायला आणि राखायला जातात. वर परमिटची फी वेगळी. म्हणजे ते आजोबा पन्नास वर्षं शिकार करत असतील तर पन्नास वर्षं ते या जमिनींची वर्गणी भरतायत असं समजा.

आणि आपण? आपणही भरतोय, आपल्याला माहीत नाही इतकंच. १९७६ मध्ये मिसुरीच्या लोकांनी स्वतःहून मत देऊन स्वतःवर एक विक्रीकर लावून घेतला, एक टक्क्याचा आठवा भाग, म्हणजे ८ डॉलरच्या खरेदीवर १ सेंट, आणि तो फक्त कॉन्झर्व्हेशनला. आपण इंडियन ग्रोसरीतून तूरडाळीची पिशवी आणतो त्यातसुद्धा नदीकाठच्या झाडाचा वाटा आहे. स्वतःवर कर लावून घ्यायला लोक रांगेत उभे राहिले ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला खरी वाटेना. त्यातून राज्यात आज लहानमोठ्या हजारभर जागा उभ्या आहेत, कुठं नुसता बोटीचा उतार तर कुठं हजारो एकर रान, जाऊन फिरायला तिकीट नाही, गेटवर पावती नाही, तुमचा पासपोर्ट कुठला हे कुणी विचारत नाही.

आपण सगळ्यांनी पाहिलेली जागा सांगतो. कोलंबिया बॉटम. २७० हायवेवरून रिव्हरव्ह्यू ड्राइव्हला उतरून सरळ उत्तरेला गेलं की येते ती. दर जुलै-ऑगस्टला आपला ग्रुप तिथल्या सूर्यफुलांच्या फोटोंनी भरून जातो, पैठण्या नेसून फोटो काढलेत, माझ्या घरी हॉलमध्ये फ्रेम करून लावलेला फोटो तिथलाच आहे. ती सूर्यफुलं फोटोसाठी लावलेली नसतात हो. ती होल्यांसाठी, म्हणजे कबुतरासारख्या त्या लहान पक्ष्यांसाठी, लावतात. फुलं वाळतात, बी गळतं, त्यावर होल्यांचे थवे उतरतात आणि १ सप्टेंबरला होल्यांच्या शिकारीचा सीझन सुरू होतो. आपण ऑगस्टमध्ये फोटो काढून येतो आणि सप्टेंबरमध्ये त्याच शेताच्या कडेला कुणीतरी बंदूक घेऊन बसतं. ती शेतं त्यांच्यासाठी आहेत म्हणून आपल्याला फोटो मिळतात. आपल्या अर्जाप्रमाणं उद्या शिकार खरंच बंद झाली तर ते शेत कोण पेरणार आणि कशासाठी, हे आपण एकदा तरी विचारलं का?

मी स्वतः त्या जागेशी जास्त बांधला गेलोय त्याचं कारण वेगळं आहे. ४३०० एकरांची ती जागा मिसुरी आणि मिसिसिपीच्या संगमावर आहे. १९९७ मध्ये खात्यानं ती घेतली. शेवटपर्यंत गाडीनं जाऊन पुढं थोडं चाललं की एक लाकडी चौथरा येतो, तिथं उभं राहिलं की डाव्या हाताकडून मिसुरी येते, गढूळ, चहासारखी, आणि पलीकडून मिसिसिपी, आणि दोन्ही पाणी लगेच एक होत नाही, बराच वेळ दोन रंग शेजारी शेजारी चालत राहतात. मी सांगलीचा. लहानपणी आजी वाडीला न्यायची, नरसोबाच्या वाडीला, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, घाटाच्या पायऱ्यांवर बसून ती मला दोन पाण्यातला फरक दाखवायची, आणि इथं त्या चौथऱ्यावर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा हात आपोआप जोडले गेले. या पाण्यावरून १४ मे १८०४ ला पश्चिमेचा मुलूख शोधायला निघालेल्या लुईस आणि क्लार्कच्या बोटी मिसुरीत शिरल्या आणि पश्चिमेकडं गेल्या, मुलांना शाळेत शिकवतात ते. पण मला तिथं आठवते ती आजी.

पुराचं पण तसंच. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाणी किती फुटांवर गेलं यावर आमचं लहानपण मोजलं जायचं, चाळीस झालं की सामान माळ्यावर. इथं सेंट लुईसला पण लोक तसेच फुटात बोलतात. १९९३ च्या १ ऑगस्टला मिसिसिपी इथं ४९.५८ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ३० फूट. २०१९ च्या जूनमध्ये इथं ती ४६ फुटांवर होती, मी घरून निघून रोज पाणी बघायला जायचो, आणि दोन महिन्यांनी ऑगस्टमध्ये आयर्विनला ५७ फुटांच्या वर गेलं आणि माझ्या भावाच्या घरात पहिल्या मजल्यावर पाणी. एकाच वर्षात दोन्ही नद्या. तेव्हा मला कळलं की ही नदीकाठची मोकळी जमीन कशासाठी मोकळी ठेवायची असते. कोलंबिया बॉटमसारख्या जागी पाणी पसरतं, बसतं, गाळ टाकतं, उतरतं. त्यावर प्लॉट पाडलेले नाहीत म्हणून. आमच्या सांगलीत पूररेषेत काय काय बांधलंय ते मी इथं लिहीत बसत नाही.

आमचे बाबा गळ टाकायचे. रविवारी सकाळी, पुलाच्या खालच्या अंगाला. गांडुळं आदल्या दिवशी संध्याकाळी मोरीच्या मागं खणून काढायची, डब्यात ओल्या मातीत ठेवायची, ते काम माझं. मरळ लागली तर दिवस सोन्याचा, नाहीतर चिलापी, शिंगाळा कधीमधी. शेजारच्या घाटावर भोई लोकांच्या नावा असायच्या आणि त्यातले एक मामा बाबांना कुठल्या डोहात काय आहे ते सांगायचे, नदी त्यांना घरासारखी पाठ. पुढं साखर कारखान्यांचं आणि गावाचं घाण पाणी सुटायला लागलं, कृष्णेत मेलेल्या माशांचा खच सांगलीकरांनी किती वेळा पाहिलाय. ज्यांचं पोट त्या माशांवर होतं त्या भोयांना कुणी बैठकीला बोलावलं नाही, ना माशांचा हिशेब कुणी मागितला. मला नेहमी वाटतं, त्या मामांच्या हातात इथल्यासारखं एक परमिट असतं, त्या परमिटच्या पैशातून नदीवर एक माणूस नेमलेला असता आणि मामांच्या तक्रारीवर तो माणूस दुसऱ्या दिवशी पाण्याची बाटली भरून न्यायला आला असता, तर काय झालं असतं. म्हणून मला इथल्या गळवाल्यांचा आणि शिकाऱ्यांचा हेवा वाटतो, आणि त्यांना त्यांच्याच जागेतून वीकेंडला हाकला म्हणणाऱ्या कागदावर मी सही करू शकत नाही. नोकरी करणारा माणूस वीकेंडलाच जाणार ना शिकारीला. आपण जसे वीकेंडलाच जातो.

तुमच्यापैकी कितीतरी घरांत मांसमच्छी चालत नाही, माझ्या सासरी पण नाही, आणि जीव मारणं बघवत नाही हे म्हणणं मी मनापासून समजू शकतो. त्यावर मी वाद घालणार नाही. फक्त एक माहिती देतो की इथं १९९२ पासून एक योजना आहे, शिकारी आपलं हरणाचं मांस दान करतात आणि ते फूड पँट्रीतून गरजू घरांत जातं. आपण मंडळातर्फे दरवर्षी त्याच पँट्रींना तांदूळ आणि डाळ देतो. एकाच फळीवर आपलं आणि त्यांचं ठेवलेलं असतं.

तर माझं मागणं असं आहे की अर्ज पाठवू नका. त्याऐवजी आपण तिथं जायचं कसं ते शिकूया. मी गेली सहा वर्षं जातोय, चुका करत शिकलो, त्यातलं जे उपयोगी वाटतं ते सांगतो.

सहल ठरवायच्या आधी त्या एरियाचं पान खात्याच्या साइटवर उघडून बघायचं, प्रत्येक जागेचे नियम वेगळे असतात, कुठं फक्त धनुष्य चालतं, कुठं बदकांच्या सीझनमध्ये पाणथळाचा काही भाग पक्ष्यांसाठी पूर्ण बंद असतो, कुठं ठराविक दिवशी मॅनेज्ड हंट, म्हणजे खात्यानं ठरवून दिलेली शिकार, असते. बदकांच्या काही एरियात पहाटे ड्रॉ निघतो, कुणाला कुठली जागा ते ठरतं, आणि दुपारी १ वाजता शिकार थांबते, मग दुपारनंतर दुर्बीण घेऊन निवांत जाता येतं. हरणाचा बंदुकीचा मुख्य सीझन नोव्हेंबरच्या मध्यावर शनिवारी उघडतो, तो आणि पुढचा वीकेंड आपण सरळ सोडून द्यायचा. कोजागिरीच्या आसपास जा नाहीतर जानेवारीत जा, जानेवारीत तर पलीकडं रिव्हरलँड्सच्या पक्षी अभयारण्यात ट्रम्पेटर हंस शेकड्यांनी उतरतात, ते बघून काकांचे डोळे पाणावले होते मागच्या वर्षी, आणि ती जागा शिकारीची नाहीच. पण आपल्याला नोव्हेंबरमध्येच जायचं असेल तर प्रत्येकानं केशरी जॅकेट आणि केशरी टोपी घालायची. त्या सीझनमध्ये शिकाऱ्यांवर ती कायद्यानं सक्तीची आहे. आपल्यावर सक्ती असो नसो, लेकरांच्या अंगात असलीच पाहिजे. तपकिरी नको, पांढरं नको. वसंतात टर्कीच्या सीझनमध्ये लाल, पांढरं, निळं तिन्ही नको कारण नर टर्कीच्या डोक्याचे रंग ते. स्पीकर गाडीतच ठेवायचा. पार्किंगमध्ये ट्रक दिसले तर त्या दिशेच्या झाडीत न जाता रस्त्यानं किंवा बांधावरून चालायचं, आणि कुणी मचाणावर दिसलं तर हात वर करून मागं फिरायचं, हाक मारायची नाही.

शिकाऱ्यांची भीती वाटते ना, मग हेही माहीत असू दे की १ जानेवारी १९६७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या आणि सोळा पूर्ण झालेल्या शिकाऱ्याला इथं हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय सहसा बंदुकीच्या शिकारीचं परमिट मिळत नाही. तो कोर्स मी केला. शिकार करायची म्हणून नाही, समजून घ्यायला. बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं, नळी कायम सुरक्षित दिशेला, लक्ष्य आणि लक्ष्याच्या मागं काय आहे ते पक्कं कळल्याशिवाय बोट ट्रिगरवर नाही. वर्गात माझ्या बाजूला बारा वर्षांची एक मुलगी होती, तिच्या वडिलांसोबत आलेली, आणि तिला हे सगळं तोंडपाठ होतं.

माशांचं. सोळा ते चौसष्ट वयाच्या प्रत्येकाला फिशिंग परमिट लागतं, फोनवर ॲपमध्ये निघतं, इथं राहणाऱ्यांना वर्षाचं परमिट एका पिझ्झ्यापेक्षा स्वस्त आहे. इथं एक गोष्ट नीट वाचा कारण यात आपल्यातल्या एका घराला त्रास झालेला आहे : पासष्ट ओलांडलेल्यांना सूट आहे पण ती मिसुरीच्या रहिवाशांना. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा रहिवासी धरले जात नाहीत, त्यांच्या हातात गळ द्यायचा तर त्यांचं परमिट काढायचं, एका दिवसाचं पण मिळतं. "आजोबा नुसते धरून उभे होते" हे चालत नाही. कॉन्झर्व्हेशन एजंट, म्हणजे खात्याचा तपासणी करणारा अधिकारी, आला तर घाबरायचं कारण नाही, परमिट बघतो, बादली बघतो, आणि विचारलं तर मासा कुठं लागतोय तेही सांगतो.

आणि खरंच, मासा कुठं लागतो ते सांगायचा मोह मला आवरत नाही. मिसुरीच्या काठाला दगडांचे लांब डाइक पाण्यात काढलेले दिसतात, प्रवाह मधोमध राहावा आणि बार्जेस, म्हणजे मालाच्या सपाट बोटी, चालाव्या म्हणून घातलेले. त्या डाइकच्या खालच्या अंगाला पाणी भोवऱ्यासारखं फिरतं आणि तिथं खोल डोह पडतो. चॅनल कॅटफिश तिथं असतो, मिसुरीचा राज्य मासा आहे तो, आपल्या शिंगाळ्यासारख्याच मिशा. वजनदार शिसं लावून गळ तळाला बसवायचा, आमिष म्हणून कोंबडीची कलेजी नाहीतर जाड गांडूळ, आणि मग शांत बसायचं. पहिला मासा लागला त्या संध्याकाळी मी सांगलीला व्हिडिओ कॉल लावला, बाबांना तोपर्यंत नीट दिसेनासं झालं होतं, त्यांनी फक्त विचारलं, दोरी कशी ओढली, धक्के देत का सरळ. मी म्हणलं धक्के देत. म्हणाले मग शिंगाळाच. त्यांना कॅटफिश शब्द माहीत नव्हता.

कधी स्टर्जन लागला, लांब सोंडेचा, पाठीवर खवल्यांऐवजी हाडांच्या ढाली असलेला, तर आपल्यासारख्यानं तो हळूच परत सोडायचा. पॅलिड स्टर्जन १९९० पासून संकटग्रस्त यादीत आहे आणि त्याचा भाऊ शॉव्हेलनोज इतका सारखा दिसतो की नवख्याला फरक कळत नाही. उलट सिल्व्हर कार्प, बोटीच्या आवाजानं पाण्याबाहेर उड्या मारतो तो, बाहेरून आलेला आणि इथल्या माशांचं अन्न खाणारा, तो मात्र परत टाकायचा नाही, आणि कोकणी वहिनींनी त्याचं कालवण केलं होतं ते ज्यांनी खाल्लं त्यांना आठवत असेल, काटे फार पण चव आपल्या कटल्याच्या जवळची. मोठे जुने मासे मुलांना किंवा पोटुशी बाईला खायला द्यायच्या आधी राज्याच्या आरोग्य खात्याची सूचना वाचा. तुटलेली नायलॉनची दोरी काठावर टाकू नका, पक्ष्यांच्या पायात अडकते, खिशात घालून घरी आणा.

पाण्यात उतरायचं मात्र कुणीही नाही. मिसुरी दिसते शांत आणि खालून ओढते. काठ आतून पोखरलेला असतो. कृष्णेत पोहलोय म्हणणाऱ्यांनी पण नाही, मी पण कृष्णेतच पोहायला शिकलो आणि मी उतरत नाही. आणि मे ते ऑगस्ट गोचिडी. पायजमा मोज्यात खोचायचा, घरी आल्यावर मुलांचे केस, काखा, कानामागं बघायचं. इथली लोन स्टार गोचीड चावून मटणाची ॲलर्जी झालेला माणूस आपल्या मंडळात आहे, ती चेष्टेची गोष्ट नाही, हॉस्पिटलात होता तो.

कमिटीला शेवटची विनंती. जूनच्या पहिल्या सोमवारनंतर जो शनिवार-रविवार येतो त्या दोन दिवशी मिसुरीत परमिटशिवाय मासे धरता येतात, सगळ्यांना, पाहुण्या आईबाबांना पण. बाकीचे नियम, किती मासे, केवढे मासे, ते लागूच असतात. मंडळाची जूनची सहल त्या शनिवारी नदीवर ठेवूया. खात्याकडून बऱ्याच वेळा शिकवायला माणसं आणि उसने गळ मिळतात, मी फोन करून विचारायची जबाबदारी घेतो. ज्यांना मासा मारायचा नाही त्यांनी धरून सोडावा, ज्यांना धरायचाही नाही त्यांनी चौथऱ्यावर बसून दोन पाण्यांचे रंग बघावेत, थालीपीठ खावं. आणि त्या साठ नावांच्या अर्जाच्या जागी आपण एक साधं आभाराचं पत्र पाठवूया, साठच नावं, की आम्ही इथं नवीन आहोत, नोव्हेंबरमध्ये आमच्याकडून चूक झाली, आणि तुमच्या एका माणसानं आमच्या मुलांना रस्त्यापर्यंत आणून सोडलं. एरियाच्या ऑफिसात ते पत्र आणि ती केशरी टोपी दिली तर कदाचित पोचेलही त्यांच्यापर्यंत, सीझन उघडायच्या आदल्या आठवड्यात ते परमिटचं विचारायला येत असतील.

येत्या शनिवारी सकाळी नऊला मी कोलंबिया बॉटमच्या व्हिजिटर सेंटरच्या पार्किंगमध्ये थांबतोय. गाडीत सहा केशरी जॅकेटं आहेत, चार मोठी, दोन लहान. ज्यांनी सही केलीय त्यांनी तर याच.

आपला,
मंडळाचा एक सभासद
(मूळ सांगली, आता सेंट लुईस)